लकाकी उतरवायला गेलो त्याची हकिगत

नौपाडा, गुरुवार

"दिवा बंद करा. आधी तो दिवा बंद करा, मग बोला. डोळे गेले माझे."

आतल्या खोलीत डॉक्टर करंदीकर ओरडत होते आणि बाहेरच्या बाकावर मी उजव्या खुब्याखाली उशी घेऊन बसलो होतो. मंगळवारी हा खुबा काढून तिथे नवा बसवायचा होता. ज्याच्या हातात आपण आपलं हाड देणार, त्याने पाच दिवस आधी 'डोळे गेले' म्हणून ओरडावं, यासारखा धीर दुसरा नाही. शेजारी माझी बायको शालन तपासण्यांची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "चला, आपला नंबर बहुतेक लवकर लागेल."

टिटवाळ्याहून नौपाड्यापर्यंतच्या प्रवासाबद्दल मी काही लिहीत नाही. रस्ता असता तर लिहिलं असतं. रेल्वेचे जिने आणि माझा खुबा यांचं वर्षभर बोलणं बंद आहे, त्यामुळे तीन रिक्षा बदलत आम्ही आलो. त्यातल्या दुसऱ्या रिक्षाने मला असं काही उडवलं की कळव्याच्या पुलावर क्षणभर मला खाडी, पारसिकचा डोंगर आणि माझे दिवंगत आजोबा असं सगळं एकदम दिसलं. एवढं पुरे.

खोलीचं दार उघडं होतं. डॉक्टर काय करत होते ते सांगतो, कारण तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही. खुब्याचा सांधा बदलायच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या तऱ्हेत मांडी अशी उघडतात की आत दोन माणसं पत्ते खेळतील. नव्या तऱ्हेत बोटभर फट पाडतात आणि सगळा कारभार त्या फटीतून करतात. स्नायू कमी कापले जातात, माणूस लवकर उभा राहतो. अडचण एकच, आतलं दिसत नाही. वर छताला दिवे कितीही लावा, बघायला वाकलं की डॉक्टरचं स्वतःचंच डोकं मध्ये येतं. त्याच्या शेजारी मदतनिसाचं डोकं. म्हणजे लाखाचे दिवे आणि आत अमावस्या. यावर उपाय म्हणून आता जखमेच्या कडा बाजूला धरायची जी वाकडी स्टीलची पट्टी असते, तिच्याच टोकाला बारीक दिवा बसवतात. उजेड थेट विहिरीच्या तळाशी. अशा चार पट्ट्यांचा नवा संच डॉक्टरांकडे नमुन्याला आला होता. प्लास्टिकचं खुब्याचं हाड फोममध्ये पुरून, फोमला फट पाडून ते त्याच्यात या पट्ट्या घालून बघत होते.

"हे असं कोणी घासलंय?" डॉक्टर कंपनीच्या माणसाला विचारत होते. "दिवा लावला की पट्टी अशी चमकते की हाड दिसतच नाही. मला आत नुसता सूर्य दिसतोय. कुठल्या मूर्खाने हिला आरसा केलाय?"

मी मान वाकडी करून आत पाहिलं. आणि ओळखलं.

आई आपलं लेकरू जत्रेत ओळखते ना, तसं. ती लकाकी माझी होती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तीस वर्षं माझा बफिंगचा गाळा आहे. स्टीलला पॉलिश मारावं तर कदमने, हे मी स्वतः अनेकदा सांगितलेलं आहे. माझ्या हातची कढई एकदा गाळ्याबाहेर ठेवली होती, तर एका कावळ्याने तिच्यातल्या कावळ्याशी दोन दिवस भांडण केलं आणि तिसऱ्या दिवशी समेट करून तो त्याच्यासाठी पोळी घेऊन आला. अशा हाताचं काम डॉक्टर 'मूर्खाचं' म्हणत होते.

मी गप्प राहायचं ठरवलं. हे मी आयुष्यात क्वचित ठरवतो आणि ते दर वेळी दुसरंच कोणीतरी मोडतं.

"डॉक्टर," शालन जागेवरूनच म्हणाली, "मूर्ख इथेच बसलेत."

डॉक्टर बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं, मग फाइलवरचं नाव पाहिलं.

"कदम, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"आणि मंगळवारी तुमचंच ऑपरेशन आहे."

"हो."

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. आता त्यांचा आवाज उतरला होता, आणि मला तो ओरडण्यापेक्षा जास्त लागला. "नीट ऐका. आत मांडीच्या मागे पायाची मोठी नस आहे. ती मला दिसली पाहिजे. नव्या सांध्याच्या वाटीचा कोन दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मी छोट्या फटीतून अंदाजाने काम करणार नाही. नेहमीसारखं मोठं उघडीन. त्यातही माणूस चालतो, फक्त उठायला वेळ लागतो."

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? आमची बिल्डिंग टिटवाळ्याला आहे, तिथे बिघडलं. चौथा मजला. लिफ्टची जागा आहे, लिफ्टचं दार आहे, दाराला हार घातलेला आहे, फक्त लिफ्ट नाही. बिल्डर दर दिवाळीला सांगतो की ती निघालेली आहे. बहुधा पायी येत असावी. मोठ्या जखमेचा कदम चौथ्या मजल्यावर चढवायचा कोणी आणि चढवल्यावर त्याला उठवा-बसवायचं कोणी? शालनच्या मणक्यात आधीच एक चकती सरकलेली. ती बोलत नाही, पण पाण्याची बादली उचलताना आधी भिंतीला हात लावते, हे मी बघतो. मला उचलायला भिंत पुरणार नव्हती.

"सोमवारपर्यंत पट्ट्या नीट होऊन आल्या तर?" मी विचारलं.

"आल्या आणि कंपनीने पास केल्या, तर बघू."

दिवे काढून चारही पट्ट्या मी कंपनीच्या माणसाकडून मागून घेतल्या आणि बाहेर पडल्यावर नौपाड्यात मिसळ खाल्ली. इथल्या लोकांची एक रीत मला फार आवडते. टिटवाळ्याला कोणी लंगडताना दिसला तर चार जण विचारतात, काय झालं, कुठे पडलात, कोणता डॉक्टर. इथे हॉटेलवाल्याने माझी चाल बघितली आणि न विचारता आतलं टेबल दिलं, आणि वर म्हणाला, "करंदीकरांकडे ना? वळणावरचा जिना टाळा." म्हणजे अख्ख्या गल्लीला तुमचं हाड माहीत असतं, फक्त ते चौकशी करून तुम्हाला दमवत नाहीत. मिसळीत रस्सा कमी होता. बायको म्हणाली, तुमच्यासाठी तेवढाच बरा.

डोंबिवली, शुक्रवार

डोंबिवली एमआयडीसीत शिरताना वासाने जागा ओळखण्याची माझी कला आहे. डोळे बांधून रिक्षातून न्या, मी सांगतो: आता रंगाचा कारखाना, आता औषधाचा, आता सरकार ज्याच्याबद्दल चौकशी करतंय तो. पट्ट्या बनवणारी कंपनी या तिसऱ्याच्या शेजारी आहे. तिथल्या तपासणी विभागाच्या सुवर्णा कांबळे. वय माझ्या मुलीएवढं, नजर माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांची. त्यांनी ड्रॉइंगचा कागद टेबलावर माझ्यासमोर सरळ ठेवला.

"काका, इथे काय लिहिलंय?"

"चमक नको."

"कोणत्या रंगात?"

"लाल."

"खाली रेघा किती?"

"दोन."

"वाचलं होतंत?"

"वाचलं होतं."

"मग?"

आता हे त्यांना कसं समजावायचं? आमच्या धंद्यात तीस वर्षांत माल एकदाही जास्त चमकला म्हणून परत आलेला नाही. कमी चमकला म्हणून लोक गाळ्यावर भांडायला येतात. कागदावर 'चमक नको' असं गिऱ्हाईक लिहितं तेव्हा त्याचा अर्थ आम्ही वर्षानुवर्षं एकच घेतो, की बिचाऱ्याला चमक परवडत नाही. आणि कदमचं मन मोठं. मी माझ्या दोन्ही कारागिरांना सांगितलं होतं, डॉक्टरी माल आहे, पुण्याचं काम आहे, वरून दोन हात जास्त मारा.

"मला वाटलं, तुम्ही संकोचाने लिहिलंय," मी म्हणालो.

कांबळे मॅडमनी शालनकडे पाहिलं. शालन म्हणाली, "घरातही असंच आहे. कमी तिखट सांगितलं की यांना वाटतं मी लाजतेय."

मी सगळं सांगितलं. मंगळवार, चौथा मजला, हार घातलेली लिफ्ट. वाटलं, बाई विरघळेल. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचा खुबा आहे म्हणून मी सही करणार नाही. माल बरोबर असला तर करीन. उद्या आणा." मग जरा थांबून त्यांनी टिफिनमधली अर्धी पोळी आणि मटकी माझ्यापुढे सरकवली. "बसा. गोळ्या घ्यायच्या असतील ना तुम्हाला जेवून." त्यांच्या मटकीत काळा मसाला होता. आमच्या साताऱ्याकडचाच. मी विचारलं, तर त्यांची आजी फलटणची निघाली. तरीही सही नाहीच.

कल्याणच्या खाडीकडे, शुक्रवार दुपार

चकाकी काढायची तर पट्टीवर काचेच्या बारीक मण्यांचा हवेच्या दाबाने मारा करावा लागतो. हे काम करणारा आमच्या भागात उत्तम माणूस एकच, म्हात्रे. आणि म्हात्र्याच्या कामाला वीस वर्षं मी 'भस्म फासणं' म्हणत आलोय. तेही चारचौघांत. एका लग्नात तर माइकवर.

म्हात्र्याची शेड खाडीच्या कडेला आहे, पुढे त्याच्या बापाची जुनी होडी उलटी घालून ठेवलेली, तिच्यावर जवळा वाळत घातलेला. आम्ही रिक्षातून उतरलो. म्हणजे शालन उतरली, मी हप्त्याहप्त्याने बाहेर आलो. म्हात्रे दारात उभा राहून मला लंगडत येताना बघत होता. पुढे आला नाही. मी पूर्ण वीस पावलं चालून त्याच्यापर्यंत पोचलो, तेवढ्या वेळात त्याने आपला जुना हिशेब पुरा केला.

"काय रं कदम, रस्ता चुकलास?"

"नाही. काम आहे."

"भस्माचं?"

मी पट्ट्या पुढे केल्या. म्हात्र्याने एक उन्हात धरली, तर समोरच्या होडीवर सूर्याचा दुसरा ठिपका पडला आणि जवळ्यावर बसलेली मांजर त्याच्यामागे धावत सुटली, ती मला वाटतं भिवंडीला थांबली असेल. म्हात्रे पट्टी फिरवून फिरवून बघत राहिला. "मस्त घासलंस," तो म्हणाला. आणि वीस वर्षांत माझं पहिलं कौतुक करून त्याने ती माझ्याच हातात परत दिली. "घे. तूच उतरव. मना पाप नको."

त्याच्याकडे कपाटाएवढी लोखंडी पेटी आहे. समोर काच, खाली दोन भोकं, भोकांना आतून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. बाहेर उभं राहून आत हात घालायचे, एका हातात पट्टी, एका हातात मण्यांची नळी. मला उभं राहणं जमेना, तर त्याने स्वतः स्टूल आणून ठेवलं. मी नळी चालू केली.

पट्टीत माझं तोंड दिसत होतं. आधी कपाळ गेलं. मग डोळे. मिशा बराच वेळ टिकल्या, मग त्याही पुसल्या गेल्या आणि हातात राखाडी रंगाचं काहीतरी उरलं, ढगाळ दिवसासारखं. मी अतिशयोक्ती करणारा माणूस आहे हे मला मान्य आहे, पण इथे करत नाही. चार पट्ट्या होत्या. मी चारही वेळा स्वतःला पुसलं.

"झालं?" म्हात्र्याने विचारलं.

"झालं."

"चल, जेव."

तांदळाची भाकरी आणि सुकट. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, ती ताटात पडली की ताट आवाज करतं. ही भाकरी ताटात पडली तर ताटालाही कळलं नाही. म्हात्र्याची बायको शालनला विचारत होती, ऑपरेशननंतर यांना कोन बघनार? शालन म्हणाली, "मीच." म्हात्रीणबाईंनी तिने मणक्यासाठी कमरेला बांधलेल्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या ताटात आणखी सुकट वाढली. जेवताना कोणी भस्माचा विषय काढला नाही. निघताना म्हात्रे एवढंच म्हणाला, "लगनातला माइक लय मोठा होता रं."

डोंबिवली, शनिवार

कांबळे मॅडमनी पट्टीवरून कापसाचा बोळा फिरवला. कापसाचे तंतू पट्टीला चिकटले, जणू पट्टीला दाढी फुटली.

"खरखरीत झालीय," त्या म्हणाल्या. "कापूस अडकतो म्हणजे रक्त अडकणार, जंतू अडकणार. धुऊन निघणार नाही. नापास."

कारण पुन्हा मीच होतो. नळी हातभर लांब धरायची, ती मी पट्टीच्या नाकाशी धरली होती. चमक काढायचीच तर कदमने काढावी तशी, मुळासकट. शालन म्हणाली, "यांना पाणी घालायला सांगितलं की झाड वाहून जातं."

पुन्हा कल्याण. या वेळी म्हात्र्याने मला पेटीजवळ उभं केलं नाही. चष्म्याच्या फ्रेमा करायला ठेवलेले पिठासारखे बारीक मणी त्याने काढले, आणि लांबून, हळू हात फिरवत, जशी आई झोपलेल्या पोराला पावडर लावते तशा चारही पट्ट्या केल्या. मी स्टुलावर बसून बघत होतो. एकदाही बोललो नाही, म्हणजे दोनदाच बोललो. संध्याकाळी पट्ट्या पुन्हा मॅडमकडे. कापूस सरकन फिरला. मग त्यांनी ॲसिडची आंघोळ घातली, गंज चाचणी लावली, टोकाचे दिवे बसवून तपासले आणि म्हणाल्या, निकाल सोमवारी सकाळी. रविवारभर मी टिटवाळ्याला गॅलरीत बसून त्या रिकाम्या लिफ्टच्या जागेकडे पाहत होतो. शालनने पलंग भिंतीकडून ओढून मध्ये घेतला, दोन्ही बाजूंनी मला धरता यावं म्हणून. ओढताना तीनदा थांबली.

सोमवारी दहा वाजता फोन आला. "काका, पास. माणूस माल घेऊन नौपाड्याला निघालाय." मी आभाराचं भाषण सुरू केलं. फोन ठेवलेला होता.

परत नौपाडा

डॉक्टरांनी तोच प्लास्टिकचा खुबा, तोच फोम पुढे घेतला. पट्टी फटीत घातली, दिवा लावला, वाकले. पट्टी इकडून तिकडे फिरवून पाहिली. मग बाजूला होऊन म्हणाले, "या, तुम्ही बघा."

मी वाकलो. वाकताना खुब्याने आपलं मत मांडलं. पण आत पाहिलं आणि ते विसरलो. फटीच्या तळाशी, विहिरीत उतरलेल्या उन्हासारखा, सगळीकडे सारखा उजेड होता. कुठे झळक नाही, कुठे काळोख नाही. खोबणीची गोल वाटी दिसत होती, तिच्या कडा दिसत होत्या, प्लास्टिकवरचा जोडसुद्धा. मग डॉक्टरांनी मुद्दाम माझ्या हातची एक चकचकीत पट्टी घातली, कंपनीच्या माणसाकडे जादा नग म्हणून राहिलेली. एक पांढरा फटका डोळ्यांवर बसला, आणि मागे काहीच नाही. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर आरसे मारत होतो आणि त्यांनी सौजन्याने फक्त डोळे चोळले असतील.

"मग उद्या छोटी फट ना?" मी विचारलं.

"आत गेल्यावर ठरेल. हे प्लास्टिक आहे, यातून रक्त येत नाही. दिसलं तर छोटी. नाही दिसलं तर कापणं वाढवीन, तुम्हाला विचारत बसणार नाही."

मंगळवारी त्यांनी मला कमरेखाली बधिर केलं आणि छातीवर हिरवा पडदा उभा केला. माणसाला जागं ठेवून त्याचंच हाड कापायचं ही सोय कोणी शोधली त्याला माझा नमस्कार. मी कान पडद्यापलीकडे लावून पडलो होतो. मला एकाच शब्दाची भीती होती, 'वाढवा'. तो आला की शालनचा मणका, पलंग, चार मजले, सगळं त्याच्यामागे रांगेने येणार. ठोकल्याचे आवाज आले, शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स बसवतात तसे. "सक्शन." "पट्टी जरा आत." "अजून." मग शांतता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब शांतता, आणि मी ती भरूही शकत नव्हतो, कारण तोंडावर मास्क होता. मग डॉक्टर कोणाला तरी म्हणाले, "तुझं डोकं असू दे तिथेच. अडत नाही." आणि पुन्हा ठोकणं सुरू झालं.

तो शब्द आला नाही. टाके घालेपर्यंत आला नाही.

बुधवारी सकाळी वॉकर धरून मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो. शालन बाजूने चालत होती, हात रिकामे. टोकाला डॉक्टर कोणाच्या तरी फाइलमध्ये लिहीत उभे होते. माझं मन भरून आलं होतं आणि मन भरलं की मला तोंड आवरत नाही. म्हणालो, "डॉक्टर, एक खरं सांगा. आत गेल्यावर ती पट्टी कशी दिसत होती? कल्याणचं काम आहे, पण मूळ हात माझा. शोभत होती ना?"

डॉक्टरांनी वर न बघता पान उलटलं.

"पट्टीकडे लक्षच गेलं नाही. सांधा दिसत होता."